वाचकांचे प्रश्न : सरकारी कंत्राटदारांच्या वतीने नोकरीपात्रतेची पडताळणी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवतीची आहेत. इंदुरात रात्रपाळीत अमेरिकी कंपन्यांचे मनुष्यबळाचे काम करणारी मंडळी आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे येणाऱ्या शंका आपल्या नेहमीच्या भविष्यनिर्वाह निधीच्या किंवा ग्रॅच्युइटीच्या शंकांपेक्षा वेगळ्या आहेत. म्हणून या अंकातील बहुतेक जागा त्यांना दिली आहे.

प्रश्न : विजयनगर भागातील एका लहान कंपनीत आम्ही अमेरिकेतील एका मनुष्यबळ-सेवा कंपनीसाठी कागदपत्रांचे काम करतो. ही सेवा कंपनी आपल्या ग्राहक कंपन्यांच्या वतीने 'ई-व्हेरिफाय' या तिथल्या सरकारी प्रणालीत कर्मचाऱ्यांची नोकरीपात्रता तपासते. आतापर्यंत आमच्याकडे फक्त नव्याने रुजू झालेल्यांची प्रकरणे येत असत. अलीकडे इमारतींच्या देखभालीचे काम करणाऱ्या एका ग्राहकाला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कंत्राट मिळाले आणि त्याच्या व्यवस्थापकांनी जुन्या-नव्या सर्व कर्मचाऱ्यांची यादी पाठवून "सगळ्यांचीच पडताळणी करून टाका" असे कळवले. सरकारी कंत्राटदारांसाठी नियम वेगळे असतात का? आणि काही चुकले तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आपण यादी हाती येताच कामाला न लागता थांबलात, हे योग्य केलेत. या कामात कोणाची पडताळणी करायची यापेक्षा कोणाची करायची नाही, हे आधी ठरवावे लागते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

मुळात अमेरिकेत १९८६ च्या इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल ॲक्टने प्रत्येक मालकावर एक बंधन घातले : ६ नोव्हेंबर १९८६ नंतर नोकरीवर घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीची ओळख आणि काम करण्याचा अधिकार 'फॉर्म आय-नाईन' भरून तपासायचा, मग ती व्यक्ती जन्माने अमेरिकी असो वा परदेशी. ई-व्हेरिफाय हे त्या फॉर्मनंतरचे पाऊल आहे. फॉर्ममधील माहिती सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या आणि होमलँड सिक्युरिटी विभागाच्या नोंदींशी संगणकावर जुळवून पाहणारी ही प्रणाली १९९७ मध्ये 'बेसिक पायलट' या नावाने सुरू झाली आणि २००७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. बहुतेक खासगी मालकांसाठी केंद्रीय कायद्याने ती ऐच्छिक आहे, काही राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ती सक्तीची केली आहे, आणि ती स्वीकारली तरी सर्वसाधारण मालकाला तीत फक्त नव्या कर्मचाऱ्यांचीच तपासणी करता येते. जुन्या माणसांची नावे त्यात घालणे त्याला मना आहे.

केंद्र सरकारचा कंत्राटदार हा या मनाईला असलेला अपवाद आहे. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जून २००८ मध्ये १९९६ च्या कार्यकारी आदेश क्रमांक १२९८९ मध्ये दुरुस्ती केली, त्यावर आधारलेला नियम नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि न्यायालयीन वाद व मुदतवाढी यांतून जात अखेर ८ सप्टेंबर २००९ पासून लागू झाला. सरकारी खरेदीच्या नियमावलीतील ५२.२२२-५४ क्रमांकाचे कलम ते हेच. मात्र ग्राहक सरकारला काही विकतो म्हणून हे कलम आपोआप लागू होत नाही. ते त्याच्या सही झालेल्या करारात असावे लागते. तेव्हा व्यवस्थापकांकडून यादी नव्हे, कराराची प्रत मागा. कलम नसेल तर जुन्या कर्मचाऱ्यांचा विषय तिथेच संपला.

कलम कोणत्या करारांत घातले जाते, याचेही निकष आहेत. काम अमेरिकेत व्हायचे असावे, मुदत किमान १२० दिवसांची असावी, रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असावी, आणि माल बाजारात सर्वांना जसाच्या तसा मिळणाऱ्या तयार वस्तूंपैकी नसावा. नियम लागू झाला तेव्हा मुख्य करारासाठी ही मर्यादा १ लाख डॉलर, तर सेवा किंवा बांधकामाच्या उपकरारासाठी ३ हजार डॉलर होती; महागाईनुसार असे आकडे बदलत असल्याने त्या-त्या कराराच्या तारखेचा आकडा पाहावा. उपकराराची मर्यादा एवढी खाली ठेवण्याचा परिणाम असा, की मोठ्या कंत्राटाखाली झाडलोटीचे किंवा रंगकामाचे छोटे काम घेणारी कंपनीही या जाळ्यात येते, आणि कित्येकदा तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. आपला ग्राहक इमारतींची देखभाल करतो, म्हणजे त्याच्या हाताखालीही उपकंत्राटदार असण्याचा संभव आहे. त्यांच्या करारांत हे कलम पुढे घालण्याची जबाबदारी त्याची आहे, हे त्याला सांगून ठेवावे.

कलम आहे असे दिसले की तारखांचा तक्ता करा. करार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ग्राहकाची नोंद 'फेडरल कंत्राटदार' म्हणून व्हायला हवी. तो आपल्यामार्फत आधीच प्रणालीत आहे, म्हणून काही करायला नको, अशी समजूत बरेचजण करून घेतात. पण त्याच्या खात्यातील माहिती बदलून त्याला कंत्राटदारांच्या वर्गात घालावे लागते आणि तसे झाल्याशिवाय जुन्या कर्मचाऱ्यांचे प्रकरण उघडू नये. या नोंदणीनंतर ९० दिवसांच्या आत नव्या कर्मचाऱ्यांची पडताळणी कलमानुसार सुरू व्हायला हवी. कंत्राटावर नेमलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांसाठी नोंदणीनंतरचे ९० दिवस किंवा त्या कर्मचाऱ्याला कंत्राटावर नेमल्यानंतरचे ३० दिवस, यांपैकी जी तारीख नंतर येईल ती मुदत असते.

आता यादीकडे या. नवे कर्मचारी असतील तर अमेरिकेत काम करणारे सगळेच येतात, मग ते सरकारी कामावर असोत किंवा शेजारच्या खासगी इमारतीत. जुन्यांपैकी मात्र कंत्राटाचे काम प्रत्यक्ष करणारेच येतात. हिशेब, पगारपत्रक, स्वागतकक्ष असे कंपनीचे सर्वसाधारण काम पाहणारी आणि कंत्राटात भरीव वाटा नसलेली माणसे 'नेमलेली' धरली जात नाहीत. ज्यांच्याकडे चालू सुरक्षा परवाना (गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी मंजुरी) आहे किंवा केंद्र सरकारचे विशिष्ट ओळखपत्र आधीच दिलेले आहे, त्यांना सूट आहे. त्याच मालकाने पूर्वी ई-व्हेरिफायमध्ये तपासलेल्याला पुन्हा तपासायचे नसते. ६ नोव्हेंबर १९८६ पूर्वीपासून सलग नोकरीत असलेल्याला तर फॉर्म आय-नाईनच लागू नाही, मग पुढचे पाऊल कुठले!

व्यवस्थापकांना "सगळ्यांचीच" करायची असेल तर तीही वाट नियमाने मोकळी ठेवली आहे, पण ती निवड ग्राहकाने प्रणालीत रीतसर नोंदवावी लागते आणि तिथून १८० दिवसांत काम पुरे करावे लागते. एकदा ती निवडली की १९८६ च्या त्या तारखेनंतरचे सगळे जुने कर्मचारी आले, त्यात गाळणी लावता येत नाही. परदेशी वाटणाऱ्या आडनावांवर खुणा करून तेवढीच तपासा, असे कोणी सुचवले तर तो सरळसरळ भेदभाव आहे, आणि अशा तक्रारी पाहायला तिथल्या न्याय विभागात स्वतंत्र शाखा आहे. विद्यापीठे, राज्य व स्थानिक शासनसंस्था आणि मान्यताप्राप्त आदिवासी जमातींची शासने यांना आणखी एक सवलत आहे, ती अशी की नव्यांपैकीही फक्त कंत्राटावरच्यांचीच तपासणी त्यांना पुरते. आपल्या ग्राहकाला ती नाही.

जुन्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट संगणकावर नसून कपाटात असते. त्यांचा पूर्वी भरलेला फॉर्म वापरता येतो, परंतु तो पूर्ण भरलेला हवा, त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे त्या प्रशासनाने व्यक्तीला दिलेला क्रमांक, हवा, ओळखीसाठी 'ब' यादीतील (आय-नाईनसाठी चालणाऱ्या, फक्त ओळख पटवणाऱ्या कागदांच्या यादीतील) कागदपत्र घेतले असेल तर त्यावर छायाचित्र असायला हवे आणि कर्मचाऱ्याचा कामाचा अधिकार संपलेला नसावा. शिवाय त्या माणसाशी समक्ष किंवा संपर्क साधून बोलून, फॉर्मवर त्याने तेव्हा दिलेली माहिती आजही तशीच आहे का, हे विचारावे लागते. दहा वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर रुजू झालेला मधल्या काळात नागरिक झालेला असतो आणि जुना फॉर्म तसाच पुढे ढकलला तर नोंदी जुळत नाहीत. हे विचारण्याचे काम ग्राहकाच्या माणसाने करायचे आहे. इंदुरातून फॉर्म वाचून तर्क करायचा नाही. माझ्या मते आपल्या गटाचा खरा उपयोग इथेच आहे : फॉर्म चाळून कोणता चालेल, कोणता दुरुस्त करावा लागेल आणि कोणता नव्याने भरावा लागेल, अशा तीन गठ्ठ्यांत तो लावून देणे.

जबाबदारीविषयी. आपली सेवा कंपनी 'एम्प्लॉयर एजंट', म्हणजे मालकांच्या वतीने ई-व्हेरिफाय चालवणारी मध्यस्थ, आहे. तिचा होमलँड सिक्युरिटी विभागाशी सामंजस्य करार असतो आणि प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा करार व वेगळा ओळख क्रमांक असतो. एका ग्राहकाची माणसे दुसऱ्याच्या किंवा एजंटाच्या स्वतःच्या क्रमांकाखाली घालणे ही गंभीर चूक आहे. एजंटाला स्वतःचे कर्मचारी तपासायचे असतील तर त्यासाठीही निराळे खाते लागते. प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने प्रशिक्षणपाठ पुरा करून ज्ञानचाचणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्याचे वापरनाव त्याच्यापुरतेच असते. रात्रपाळीत एकाच वापरनावाने चौघांनी काम करण्याची पद्धत आपल्याकडे असेल तर ती आजच बंद करा. ही पडताळणी भारतातून कोणी आणि कुठल्या टप्प्यापर्यंत करायची, याची परवानगी सेवा कंपनीकडून लेखी घ्यावी, कारण काही सरकारी करारांत माहिती देशाबाहेर पाठवण्यावर बंधने असतात आणि तोंडी होकाराला तिथे किंमत नाही.

असे असले तरी फॉर्मची, मुदतींची आणि कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीची अंतिम जबाबदारी मालकाचीच, म्हणजे आपल्या ग्राहकाची राहते. एजंट नेमल्याने ती उतरत नाही. सामंजस्य करार मोडल्याबद्दल त्याचा प्रवेश काढून घेतला गेला तर प्रकरण त्याला सरकारी कामातून निलंबित करायचे किंवा काळ्या यादीत टाकायचे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. व्यवस्थापकांना पत्र लिहिताना ही ओळ अवश्य घाला. बाकी नियम त्यांनी वाचले नाहीत तरी ही ओळ ते वाचतात. एजंटही कोरडा सुटत नाही, कारण त्याने स्वतः केलेल्या कराराचा भंग त्याच्याच नावावर लागतो.

एक आपल्याकडची बाब. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम १७ परदेशी कंपनीशी झालेल्या कराराखाली परदेशातील व्यक्तींची माहिती हाताळणाऱ्यांना बऱ्याच तरतुदींतून सूट देते. परंतु माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधन त्या सुटीत येत नाही. पासपोर्टच्या प्रती स्वतःच्या मोबाइलवर मागवणे किंवा व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे दोन्ही देशांच्या दृष्टीने गैर आहे.

प्रश्न : आमच्या ग्राहकाच्या एका कर्मचारी महिलेची माहिती प्रणालीत जुळली नाही. त्या मूळच्या पुण्याच्या आहेत. ग्राहकाच्या पर्यवेक्षकांनी 'निकाल येईपर्यंत त्यांना सरकारी इमारतीत पाठवू नका, बिनपगारी घरी बसवा' असे सांगितले आणि आम्हाला त्यांच्याशी परस्पर बोलून कागदपत्रे मागवायला सांगितले. हे बरोबर आहे का?
— एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही, दोन्ही बाबतींत नाही.

पूर्वी 'टेंटेटिव्ह नॉनकन्फर्मेशन' आणि आता साधेपणाने 'मिसमॅच' म्हणतात, तो निकाल ती व्यक्ती अपात्र असल्याचा निकाल नसतो. दोन नोंदींचे एकमत नाही, एवढेच तो सांगतो. प्रकरण खुले असेपर्यंत त्या कारणावरून कामावरून काढणे, निलंबित करणे, पगार कापणे, प्रशिक्षण लांबवणे यांतले काहीच मालकाला करता येत नाही. बिनपगारी घरी बसवणे हे त्यातच मोडते, पर्यवेक्षकांनी त्याला कितीही सौम्य नाव दिले तरी.

करायचे ते असे. मिसमॅच आल्यापासून सरकारी कामाच्या दहा दिवसांच्या आत मालकाने त्या महिलेला एकांतात बोलावून 'फर्दर ॲक्शन नोटिस' (पुढील कार्यवाहीचे सूचनापत्र) द्यावी, तीवरील नाव, जन्मतारीख आणि क्रमांक बरोबर आहेत का हे तिच्याबरोबर पाहावे, आणि पुढे दाद मागायची की नाही याचा निर्णय तिलाच घेऊ द्यावा. तिने दाद मागायचे ठरवले की प्रकरण प्रणालीतून पुढे पाठवावे आणि तारीख लिहिलेला कागद तिच्या हाती द्यावा. तिथून सरकारी कामाच्या आठ दिवसांत तिने सोशल सिक्युरिटी कार्यालयात जायचे असते किंवा होमलँड सिक्युरिटी विभागाशी संपर्क साधायचा असतो. कोणते कागद न्यायचे हे त्या कार्यालयाने तिला सांगायचे, आपण नव्हे. तिने दाद मागायची नाही असे ठरवले किंवा अखेरचा निकाल प्रतिकूल आला, तरच मालकाला तिची नोकरी संपवता येते. त्यानंतरही तिला कामावर ठेवायचे असेल तर तसे सरकारला कळवावे लागते आणि न कळवल्यास दंड होतो.

सूचनापत्र छापून देण्याआधी एक गोष्ट तपासा. आपल्या नावांची घडण त्या प्रणालीला नेहमीच पेलत नाही. पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते, अमेरिकेत पहिली नोकरी घेताना मधले नाव निराळे लिहिले जाते, लग्नानंतर आडनाव बदलले तरी ते सोशल सिक्युरिटी कार्यालयाला कळवायचे राहून जाते. यांतल्या कुठल्याही एका कारणाने नोंद जुळत नाही. टंकलेखनाची चूक आपल्या गटाकडून झाली असेल तर ते प्रकरण योग्य कारण देऊन बंद करावे आणि अचूक माहितीने नवे उघडावे, त्या बाईंना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लावू नयेत. मात्र कागदपत्रे वेगळी आणा, ग्रीन कार्डच दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार मालकालाही नाही आणि एजंटालाही नाही. स्वीकारार्ह याद्यांतून काय दाखवायचे हे कर्मचाऱ्याने ठरवायचे असते.

प्रश्न : ई-व्हेरिफायचा 'तीन दिवसांत प्रकरण उघडा' हा नियम इंदूरच्या दिवसांनी मोजायचा की अमेरिकेच्या? रंगपंचमीला आमचे कार्यालय बंद असते. आणि अमेरिकी सरकारच बंद पडले तर काय करायचे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मालकाच्या दिवसांनी. कर्मचारी ज्या दिवशी पगारी कामाला लागला त्यानंतरच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या आत प्रकरण उघडावे, म्हणजे सोमवारी रुजू झालेल्याचे गुरुवारपर्यंत. आणि कामकाजाचा दिवस म्हणजे त्या मालकाचा व्यवसाय चालू असण्याचा दिवस. शनिवारीही दुकान उघडे ठेवणाऱ्या ग्राहकाचा शनिवार मोजला जातो, कार्यालयीन आठवडा पाळणाऱ्याचा जात नाही. रंगपंचमीला गेर पाहायला अर्धे इंदूर राजवाड्याकडे लोटले तरी न्यू यॉर्कच्या ग्राहकाची मुदत त्याच्या घड्याळाने चालूच राहते. उन्हाळी वेळेत ते घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणून मुदतीचा शेवटचा दिवस आपल्याकडे पुढच्या सकाळपर्यंत लांबतो. पण त्या उशिरावर भिस्त ठेवून काम शेवटच्या रात्रीपर्यंत लोंबकळत ठेवणे शहाणपणाचे नाही. मागच्या उत्तरातील आठ आणि दहा दिवस मात्र केंद्र सरकारच्या कामाचे आहेत, त्यांत तिथल्या सरकारी सुट्या वगळतात. दोन मोजण्या वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

खर्चाला मंजुरी नसल्याने सरकारी कामकाज ठप्प होते तेव्हा ई-व्हेरिफायही बंद पडू शकते. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात तसेच झाले होते. अशा वेळी प्रकरण उघडण्याची तीन दिवसांची मुदत आणि मिसमॅचच्या मुदती स्थगित राहतात. फॉर्म आय-नाईनची मुदत मात्र राहत नाही, कारण तो फॉर्म भरायला सरकारी संगणक लागत नाही. कंत्राटाच्या कलमातील मुदतींबाबत ग्राहकाने आपले कंत्राट पाहणाऱ्या सरकारी करार अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन स्टेम ओपीटीवर, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर मिळणाऱ्या कामाच्या मुभेवर, आहे. त्याला सरकारी कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे. कंपनीच्या एजंटाने 'ई-व्हेरिफायचे शुल्क' मागितले आणि रुजू होण्याआधीच स्वतःची तपासणी करून निकाल पाठवायला सांगितले. द्यावे का?
— एक वडील, पलासिया, इंदूर

उत्तर : शुल्क देऊ नये. मालकांना ई-व्हेरिफाय विनाशुल्क वापरता येते. एजंट मालकाकडून आपल्या सेवेचा मोबदला घेऊ शकतो, पण तो भार उमेदवाराच्या माथी मारण्याचे काही कारण नाही. कर्मचारी नोकरीचा देकार स्वीकारून फॉर्म आय-नाईन भरत नाही, तोवर त्याचे नाव प्रणालीत घालणेही निषिद्ध आहे. उमेदवार चाळून काढण्यासाठी ती नाहीच. अमेरिकेत राहणाऱ्याला स्वतःची नोंद पाहण्यासाठी 'सेल्फ चेक' ही सोय आहे आणि मुलाने ती स्वतःच्या समाधानासाठी जरूर वापरावी, परंतु तिचा निकाल मालकाला मागता येत नाही. पैसे मागणारा हा माणूस खरोखर कंपनीचा एजंट आहे का, हे मुलाने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला थेट विचारावे आणि तोवर पासपोर्टची प्रत किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक त्याला पाठवू नये.

त्याच्या बाबतीत ई-व्हेरिफायला आणखी एक अर्थ आहे. १० मे २०१६ पासून स्टेम ओपीटीची मुदतवाढ २४ महिन्यांची आहे आणि ती मिळण्यासाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये असणे ही अटच आहे; जोडीला आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा लागतो. तेव्हा कंपनीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. सरकारी कंत्राटदार आहे म्हणजे नोंदणी असणारच, असे गृहीत धरू नये, कारण करारात ते कलम असेलच असे नाही.

प्रणालीने 'एम्प्लॉयमेंट ऑथराइज्ड' (कामाचा अधिकार आहे) म्हटले म्हणजे तो त्या कंपनीच्या कोणत्याही कामावर जाऊ शकतो, असेही नाही. काही सरकारी करारांत नागरिकत्वाची अट असते, सुरक्षा परवाना तर साधारणतः नागरिकांनाच मिळतो, आणि कायद्याने किंवा करारानेच तशी अट घातली असेल तर तो भेदभाव ठरत नाही. नेमणूक कोणत्या प्रकल्पावर आहे हे देकारपत्र स्वीकारण्याआधी विचारणे बरे, नाहीतर पात्र असूनही माणूस कामाविना बसतो आणि ओपीटीवर रिकामे बसण्याचे दिवसही मोजके असतात.

दूरस्थ नोकरी असेल तर कागदपत्रे दाखवायला त्याला दुसऱ्या शहरी जावे लागेल असे नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हेरिफायमध्ये नियम पाळून असलेल्या मालकाला कागदपत्रांच्या प्रती आधी मागवून, मग थेट व्हिडिओ संवादात मूळ कागद पाहून फॉर्म पुरा करता येतो. मालकाने ही पद्धत एका ठिकाणच्या सर्वांना सारखीच लावायला हवी, निवडक लोकांना नव्हे.

प्रश्न : इंदुरात शासकीय कार्यालयांना सुरक्षारक्षक पुरवण्याचे माझे काम आहे. आमच्यासाठी भारतात असे एखादे संकेतस्थळ आहे का, जिथे माणूस कामाला पात्र आहे की नाही हे एका फटक्यात कळेल?
— एक व्यावसायिक, छावणी, इंदूर

उत्तर : एका फटक्यात सांगणारे नाही. रक्षकांसाठी २००५ चा खासगी सुरक्षा संस्था कायदा पाहावा. त्याच्या कलम १० नुसार रक्षक भारताचा किंवा केंद्र सरकारने निर्दिष्ट केलेल्या देशाचा नागरिक असावा, वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे, चारित्र्य व पूर्वेतिहासाबद्दल संस्थेची खात्री झालेली असावी, आणि त्याने विहित प्रशिक्षण व शारीरिक निकष पुरे केलेले असावेत. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या किंवा गैरवर्तनाबद्दल सैन्यदल अथवा पोलीस दलातून काढलेल्या व्यक्तीला घेता येत नाही. खात्री कोणाची झाली पाहिजे, तर आपली; पोलीस पडताळणीचा कागद हा तिचा आधार आहे, पर्याय नव्हे.

आधार कार्ड ओळख पटवायला उपयोगी आहे, पण तो नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि जन्मतारखेचाही नाही. वयासाठी शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खासगी संस्थेला आधारची सक्ती करता येत नाही, रक्षकाच्या संमतीने ऑफलाइन पडताळणी करता येते आणि त्याने दुसरे ओळखपत्र दिले तर ते घ्यावे लागते. ज्या कार्यालयाला माणसे पुरवता त्याच्या निविदेतील अटी याहून कडक असू शकतात. तिथे पोलीस पडताळणी हजर होण्यापूर्वी मागितली असेल तर 'अर्ज केला आहे' याची पावती चालेल का, हे रक्षक रुजू होण्याआधी त्या कार्यालयाकडून लेखी घेऊन ठेवा.